अपत्ये : निरंक

मार्था,

काल तुझी शीला आली होती. तुझ्या भावाची ही मुलगी आता चांगली मोठी नर्स झाली आहे, पण माझ्यासमोर बसताना अजून वर्गात बसल्यासारखी पाय जुळवून बसते. हातात पाळकांनी दिलेला छापील कागद होता. रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थनासभा आहे. त्यात तुझा परिचय वाचायचा, आणि तो बाईंनीच लिहून द्यावा, असं तुमच्या घरात ठरलं म्हणे. तू जाऊन काल नऊ दिवस झाले. छातीत कळ आली म्हणालीस, शीलानं रिक्षात घातलं, आणि दवाखान्याच्या फाटकाशी पोचायच्या आत तू गेलीस. एवढं सांगून झाल्यावर आम्ही दोघी चहाच्या कपांकडे बघत बसलो.

मग मी चष्मा लावला आणि पेन काढलं. तुझे कागद मी भरायचे हा आपला तेवीस वर्षांचा शिरस्ता. नाव लिहिलं. आईवडिलांची नावं लिहिली. गाव लिहिलं. पुढचा रकाना आला, 'अपत्ये'. आणि माझं पेन तिथंच थांबलं. शीला म्हणाली, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "शाई संपली वाटतं." ते बॉलपेन होतं. पोरगी शहाणी. "उद्या येते," म्हणाली आणि गेली.

म्हणून आज सकाळपासून तुझ्याशी बोलत बसले आहे. तुला लिहिलेलं तू कधी वाचणार नाहीस हे कळतंय मला. पण वाचायला येत असूनही तू माझं लिहिलेलं तपासत नव्हतीस, ही माझी जुनीच तक्रार आहे.

तुला वाचता येत होतं. मला आधी तसं वाटलं नव्हतं. मी चिंचपाड्याच्या पुढच्या त्या शाळेत बदलून आले तेव्हा तू नुकतीच खिचडी शिजवायला लागली होतीस. आपल्या भागातल्या बाया अंगठा देतात म्हणून मी स्टॅम्पपॅड पुढे केलं, तर तू पेन मागून घेतलंस आणि जीभ दातांत धरून 'मार्था' असं लिहिलंस. बायबल रोज वाचायचीस, बोट ठेवून, सावकाश. लिहायला मात्र तेवढं नावच. बाकी सगळं मी. घरी तू मावची बोलायचीस, चर्चमध्ये पुस्तकी मराठी, आणि माझ्याशी माझीच अहिराणी. ती तू माझ्याकडूनच उचललीस, तापीकाठच्या शिव्यांसकट.

शाळा सुटली की तू मोठं पातेलं पालथं घालून, हात धुऊन वर्गात यायचीस. मी फॉर्म काढायचे. रेशनकार्ड, आधार, बँकेचं खातं, दरवर्षीचा स्वयंपाकिणीचा करार. मी सरकारी बाई, माझा हात सवयीनं चालायचा. पती : निरंक. अपत्ये : निरंक. तू लग्न केलेलं नव्हतंस, मग विचारायचं काय? मी मान वर न करता लिहायचे आणि कागद तुझ्याकडे सरकवायचे. एकदा, पहिल्या-दुसऱ्या वर्षीच असेल, तू त्या शब्दावर बोट ठेवलंस.

"बाई, हाई निरंक म्हंजे काय शे?"

"काही नाही गं. शून्य. नाही म्हणायची सरकारी पद्धत."

"असं," म्हणालीस, आणि सही केलीस. त्यानंतर पुन्हा विचारलं नाहीस. मी तुझ्या किती कागदांवर ते लिहिलं असेल, आज आठवून आठवून बघतेय.

तुला आठवतं का, आमचे हे मला न्यायला स्कूटरवर यायचे ते? नवापुरातली कचेरी सुटली की यायचे, आणि मला न्यायच्या आधी तुझ्या पातेल्याच्या बुडाशी काय उरलंय ते बघायचे. शहाद्याकडच्या बागायतदाराचा मुलगा, घरी केळीचे घड सडायचे, आणि हा माणूस शाळेच्या ओट्यावर बसून करपलेली खिचडी खायचा. तुला 'मार्थाबेन' म्हणायचे, तू 'भाऊ' म्हणायचीस. तुझ्या नागलीच्या भाकरीवर त्यांचा जीव होता. मी केलेली नागलीची भाकरी तव्यावरच चिरफळायची आणि तुम्ही दोघं मिळून मला हसायचात. सासरी मला कोणी हसलं असतं तर मी बघितलं असतं त्याच्याकडे. तुमच्या हसण्याचा मला कधी राग आला नाही.

मग ते वर्ष आलं. आपली शाळा विलगीकरणासाठी घेतली. गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं परत येत होती आणि चौदा दिवस त्या तीन वर्गांत राहत होती. गावातलं कोणी फाटकाजवळ फिरकत नव्हतं. तुला कोणी हुकूम दिला नव्हता, पण तू चूल पेटवलीस. मी फोनवर ओरडले, तर म्हणालीस, "मंग यासनी काय खावाव, बाई?" त्यांना शिजवून घालता घालता तुलाच ते झालं. पंधरा दिवस नवापूरच्या केंद्रात पडून होतीस. बरी होऊन आलीस तेव्हा तोंडाला चव नव्हती, आणि स्वयंपाकिणीच्या तोंडाला चव नसणं किती वाईट ते मला रोज फोन करून ऐकवत होतीस.

त्यानंतर सव्वा महिन्यानं यांना झालं. आधी नंदुरबार, मग तिथून सुरत. मोठं हॉस्पिटल, काचेची दारं, आत कोणाला सोडत नाहीत. डॉक्टर फोनवर म्हणाले, प्लाझ्मा देऊन बघू. बरं झालेल्या माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी काढून आजाऱ्याला द्यायचं, त्यात या रोगाशी लढलेली ताकद असते, असं मला समजावलं. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच चाललं होतं. अमुक गटाचा दाता हवा, तमुक गटाचा दाता हवा. मलाही एक यादी आली. बी पॉझिटिव्ह. बरं होऊन अठ्ठावीस दिवस झालेले असावेत. वजन पुरेसं असावं. हिमोग्लोबिन चांगलं असावं. बाई असेल तर कधी गरोदर राहिलेली नसावी.

शेवटची ओळ वाचली आणि मी उभीच राहिले. मार्था! शाळेत सिकलसेलच्या रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं तेव्हाचं तुझं कार्ड माझ्याच कपाटात होतं. बी पॉझिटिव्ह. सगळ्याच्या सगळ्या अटींत तू बसत होतीस. देवानं तुला यांच्यासाठीच बिनलग्नाची ठेवली, असलं काहीतरी माझ्या मनात आलं होतं. आज लिहिताना हात जड होतोय, पण आलं होतं.

फोन केला तर तू माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाहीस. "भाऊले लागस ना? मंग लई ल्या. मन्हा आंगमा काय कमी शे?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच माझे धाकटे दीर गाडी घेऊन आले. दात्यानं पोटभर खाऊन यावं, पाणी भरपूर प्यावं, असं मी तुला सांगितलं होतं. तू ते परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं होतंस. दोन नागलीच्या भाकरी, वर भात, आणि लोटे किती ते तुलाच माहीत. सोनगढच्या आत दोनदा गाडी थांबवावी लागली. दीर वैतागले. तू खिडकीतून म्हणालीस, "भाऊनासाठी भरी लयेल शे ना, रस्तामा सांडी ऱ्हायनं." पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी हसले.

व्यारा गेलं आणि तू गप्प झालीस. दोन्ही बाजूंना ऊस होता. मला वाटलं, गाडी लागली असेल. मी तुला लिंबू दिलं. ते तू मुठीत धरून बसलीस आणि सुरत येईपर्यंत बाहेरच बघत राहिलीस.

रक्तपेढीतली मुलगी वयानं शीलाएवढी असेल. चेहऱ्यावर मास्क, वर प्लास्टिकची ढाल. फॉर्म गुजरातीत होता. मी सवयीनं पेन काढून पुढे सरकले, तर ती म्हणाली, आप बाजू में बैठो आंटी, मैं इनसे पूछूंगी. म्हणजे बघ, इतक्या वर्षांतला तो पहिला कागद, जो मी भरला नाही.

तिनं वजन विचारलं, आजार विचारले, औषधं विचारली. बोटाला टोचून रक्त बघितलं आणि म्हणाली, वाह मौसी, तेरह है. तू माझ्याकडे बघून मिरवलीस. मग तिनं पुढची ओळ वाचली. "मौसी, कभी प्रेग्नेंट हुई थी?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. तू माझ्याआधी बोललीस.

"हां. हुई थी. एक लडकी. तीन दिन रही."

मुलीचं पेन थांबलं. तिनं तुझ्या हातावर हात ठेवला, हातमोजा घातलेला. मग हळू आवाजात समजावू लागली. बाई एकदा गरोदर राहिली की तिच्या रक्तात काही द्रव्यं तयार होतात, ती पुढे कितीही वर्षं राहू शकतात, आणि पेशंटच्या फुप्फुसाला बाधू शकतात. म्हणून घेता येत नाही. तू मान हलवत होतीस. मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. मला फक्त काचेची दारं दिसत होती.

बाहेरच्या व्हरांड्यात मी तुला जे बोलले ते तू कोणाला सांगितलं नसशील. मी आज सांगते. रागात माझी पुस्तकी भाषा गळून पडते, ते तुला माहीतच आहे. "नही म्हनी देती तं काय बिघडतं तुन्हं? कोन देखाले येत व्हतं? तठे तुन्हा भाऊ मरी ऱ्हायना!"

तू भिंतीला टेकून उभी होतीस. "व्हती ना ती, बाई. नव्हती असं कशी सांगू?"

"आणि इतकी वर्षं सह्या करत आलीस त्या? दरवेळी निरंक लिहिलेलं वाचत होतीस ना? तेव्हा बरं चाललं?"

"ते तुम्ही लिखं व्हतं. आठे तिनी माले इचारं."

मी तोंड फिरवलं आणि गाडीकडे चालायला लागले. दिरांनी विचारलं, "काय व्हयनं वहिनी? लिनं का रगत?" मी म्हटलं, "हिमोग्लोबिन कमी निघालं तिचं." तू मागच्या सीटवर बसलीस. सोनगढ आलं. मग मागून, अगदी साध्या आवाजात, "तेरा व्हतं, बाई. कमी नव्हतं." दिरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तुझा माझ्यावर राग नव्हता, हे त्या आवाजावरूनही कळत होतं. तेच मला त्या दिवशी सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाता मिळाला. हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारा कोणी अनोळखी माणूस, नावही सांगितलं नाही त्यानं. यांना प्लाझ्मा दिला. आठ दिवसांनी हे गेले. मला लांबूनच दाखवलं.

एक दिवस. माझ्या डोक्यात तो एक दिवस रुतून बसला. आदल्या दिवशी दिला असता तर. तू एक शब्द वेगळा बोलली असतीस तर. कोणी सांत्वनाला फोन केला की मी म्हणायचे, एक दिवस उशीर झाला हो. कोणामुळे, ते कधी बोलले नाही. पण मनात रोज तुझंच नाव घेत होते, मार्था.

तेराव्याला तू आलीस. चिंचपाड्याहून नवापूरपर्यंत चालत आलीस, कारण गाड्या बंद होत्या. फाटकाबाहेर उभी राहिलीस. डोक्यावर नागलीच्या पिठाची पिशवी, भाऊंना आवडायचं म्हणून. मी पिशवी घेतली. 'आत ये' म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. रोगाचे दिवस होते, कोणालाच आत घेत नव्हतो, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण दीर आत होते, शेजारीण आत होती. तू थोडा वेळ थांबलीस, मग पदर सारखा करून निघालीस. ते पीठ मी वापरलं नाही. त्याला जाळी धरली, तेव्हा टाकून दिलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुढचे सात-आठ महिने मी तुझा फोन उचलला नाही. शाळा बंदच होती, त्यामुळे भेटायची पाळी आली नाही. मग दुसरी लाट आली. ती ओसरत आली तेव्हा, आंब्याच्या दिवसांत, पेपरात एक बातमी वाचली. प्लाझ्माचा म्हणावा तसा उपयोग होत नाही असं दिसून आलं, म्हणून तो या रोगाच्या सरकारी उपचारांतून काढून टाकला. चार ओळींची बातमी होती. मी ती उभ्यानं वाचली, बसून वाचली. शीलाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "हो बाई. दिला काय, न दिला काय, फारसा फरक पडत नव्हता म्हणतात."

आधी मला राग आला. मग अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली. त्याच दिवशी रिक्षा करून तुझ्या पाड्यावर आले.

तू अंगणात तूर निवडत बसली होतीस. मला बघून सूप बाजूला ठेवलंस आणि खाट झटकलीस, जणू मी कालच येऊन गेले होते. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बातमी, शीला काय म्हणाली ते, एका दिवसानं काही फरक पडला नसता ते. म्हटलं, मार्था, तुझी काही चूक नव्हती गं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, तूही रडशील, आणि आपलं मिटून जाईल.

तू सुपातला एक खडा काढून लांब टाकलास. "फायदा नही व्हता म्हनीसन तुम्ही उनात का, बाई? फायदा ऱ्हाता तरी मी तेच सांगतू."

अशी तू. मी सात मैलांवरून माफी घेऊन आले, आणि तू ती तोलून बघितलीस, आणि कमी भरली म्हणून परत दिलीस. मला त्या क्षणी तुझा परत राग आला, खरंच सांगते. म्हटलं, हिला जरा नमतं घेता येत नाही. मग तू उठलीस, आत गेलीस, आणि पन्हं घेऊन आलीस. मी प्यायले. आपण तुरीबद्दल बोललो. तो वाद तिथंच राहिला.

पुढची चार वर्षं तो आपल्या दोघींमध्ये होताच. आपण बोलत होतो, जेवत होतो. मी निवृत्त झाले तेव्हा तू शाळेत सगळ्यांना गोड भात केलास आणि माझ्या ताटात मुद्दाम करपलेला वाढलास, भाऊंची आठवण म्हणून. नाताळात मी तुमच्याकडे यायचे, तू दिवाळीत आमच्याकडे. यांच्या वर्षश्राद्धाला तू नागलीची भाकरी करून आणलीस आणि यावेळी मी तुला हाताला धरून आत नेलं. सगळं पहिल्यासारखं झालं, असं बघणारा म्हणाला असता.

पण तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. फायदा असता तर? ते पिवळं पाणी खरोखर औषध असतं, आणि तुझ्या एका 'हां'मुळे आमचे हे गेले असते, तर मी तुझ्या अंगणात आले असते का? तू ते पुन्हा विचारलं नाहीस. मीही विषय काढला नाही.

आणि तिच्याबद्दलही काढला नाही. तीन दिवसांच्या त्या मुलीबद्दल. एकदा तू सुरुवात केली होतीस. शीलाचं लग्न ठरलं तेव्हा तू माझ्याकडे बसली होतीस, हळद दळून आणलेली होती. म्हणालीस, "मन्ही ऱ्हाती तं आते..." मी पटकन म्हटलं, "चहा टाकते." तू चहा घेतलास. मला वाटलं होतं, तुझ्या जखमेवर हात पडू नये म्हणून मी गप्प बसते आहे. आज वाटतं, मी फक्त घाबरले होते. ज्या बाईचा प्रत्येक कागद मी लिहिला तिचं मला काहीच माहीत नाही, हे मला ऐकायचं नव्हतं. सुरतेच्या त्या अनोळखी पोरीनं दोन मिनिटांत विचारलं. मला तेवीस वर्षांत सुचलं नाही.

आज दुपारी शीला परत आली. या वेळी बापाला, तुझ्या थोरल्या भावाला, घेऊन आली. म्हातारा काठी टेकत आला, खुर्ची नको म्हणाला, उंबऱ्याशी बसला. मी कागद समोर ठेवला. म्हटलं, "शीला, एक रकाना राहिलाय. मला वाटतं तो मी इतकी वर्षं चुकीचा भरत आले."

शीलानं बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "आम्हाला घरात ठाऊक होतं, बाई. आत्या एकोणीस वर्षांची असताना उसतोडीला गेली होती, सुरतेच्या वाटेवर, बारडोलीकडे. तिथंच झाली. तिथंच बांधावर पुरली. परत आल्यावर कोणी त्याबद्दल बोललं नाही. नंतर न बोलायचीच सवय झाली."

व्याऱ्याच्या पुढचा ऊस माझ्या डोळ्यांसमोर आला. तुझी मूठ, मुठीतलं लिंबू. गाडी लागली असेल असं वाटलं होतं मला.

"पण चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचायचं का?" शीलानं विचारलं. ती मला विचारत होती. मी म्हटलं, ते माझं काम नाही, तुमच्या घरचं आहे. मग उंबऱ्यावरून तुझा भाऊ म्हणाला, "लिखा, बाई. व्हती ना ती."

तुझाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले, मार्था. हे गेले तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते, कारण तेव्हा मला रागवायला तू होतीस.

नाव विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं. तीन दिवसांत नाव ठेवलं होतं की नव्हतं, ते तुलाच ठाऊक. तू सांगणार होतीस त्या दिवशी मी चहा टाकला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर उशिरानं देते आहे. फायदा असता तरी मी यायला हवं होतं. त्या प्लाझ्मानं हे उठून बसणार असते, पुढची वीस वर्षं तुझ्या पातेल्याचं बूड खरवडणार असते, तरीही तू म्हणालीस तेच खरं होतं. तुझी मुलगी होती, आणि माझ्या नवऱ्यासाठी तिला नाही म्हणायला लावायचा मला अधिकार नव्हता. मी आले असते का ते मला माहीत नाही. पण यायला हवं होतं, एवढं आज मला कळतं. यापेक्षा जास्त भरेल अशी माफी माझ्याकडे नाही.

कागद पुरा केला आहे. उद्या शीला घेऊन जाईल. अपत्ये या रकान्यात मी लिहिलं आहे, 'एक मुलगी'. तिच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. निरंक लिहिलेलं नाही.